तेजूच्या पाण्याचं आवर्तन

दोन हजार बावीस साल. उन्हाळा. वैशाख लागून चार दिवस झाले होते आणि कालव्याला उन्हाळी आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, चालू होतं. त्या दिवशी माझी नात तेजू पोट धरून अंगणात लोळली, आणि आमच्या घरात किस्से साठायला तिथून सुरुवात झाली. आजारपणात घरात औषधाच्या बाटल्या साठतात. आमच्याकडं बाटल्या कमी आणि किस्से जास्त! एक सांगायला बसावं तर त्याच्या पाठीला दुसरा उभा. पारावर बसलं की लोक म्हणतात, "आबा, तो शाळेचा सांगा," "आबा, तो मिठाचा सांगा." सांगून सांगून घसा बसला. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी चौथी शिकलेला माणूस. अडतीस वर्षं कालव्यावर पाटकरी होतो. दार उघडायचं, दार पाडायचं, ज्याची बारी त्याला पाणी द्यायचं. वेळेत कधी चूक केली नाही. हेही लिहून ठेवतो.

*

तेजू तेव्हा सात वर्षांची. पोरीला मुतखडा झालाय ही बातमी आमच्या बावडा गावात फुटली आणि अर्ध्या तासात आमचा ओटा भरला.

एक म्हणाला, टोमॅटोच्या बिया. दुसरा म्हणाला, पेरू. तिसऱ्यानं बोअरच्या पाण्याला नावं ठेवली. शेजारची काकू म्हणाली, "पोरगी पाटीवरची पेन्सिल खाती. म्या डोळ्यानं बघितलंय!"

सून सुरेखा रडत होती. रडता रडता उठली आणि घरातले सगळे टोमॅटो म्हशीपुढं ओतले.

बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायला रोखठोक. त्यांनी दुर्बीण घालून लेझरनं खडा फोडला, कुठं चिरलं नाही. चुरा लॅबला पाठवला. आठ दिवसांनी आम्हाला बोलावून म्हणाल्या, "आबा, हा साधा खडा नाही. सिस्टिनचा आहे. सिस्टिन म्हणून एक पदार्थ असतो, तो मूत्रपिंडानं गाळून परत रक्तात घ्यायचा असतो. हिचं मूत्रपिंड तो सोडून देतं. लघवीत तो विरघळत नाही, मग त्याचे खडे होतात."

"म्हंजे चारीचं दार नीट बसत न्हाय," मी म्हणालो. "पाझर हाय."

"अगदी बरोबर!"

"मग दार बदला."

"ते बदलता येत नाही. जन्मभर पाझर राहणार. आपल्या हातात एकच आहे. पाणी एवढं सोडायचं की गाळ बसायलाच नको. बसला तर पुन्हा खडा, पुन्हा दुर्बीण, पुन्हा टेबल. आणि असं चारदोनदा झालं की मूत्रपिंडच खराब होतं."

गाळ मला कळतो. कालव्यात एकदा बसला की काढताना काय होतं तेही कळतं. म्हणालो, "बसू देत न्हाय."

मग त्यांनी मायक्रोस्कोपमधून ते कण दाखवले. बघतो तर काय! सहा कोनांचे, चकचकीत, एकाला एक लागून.

"पेव्हर ब्लॉक!" मी म्हणालो. "आमच्या ग्रामपंचायतीम्होरं हेच टाकल्यात!"

मागून कारभारीण म्हणाली, "तिथलं उखडलंय की सगळं. पोरीचं बरं पक्कं बसलं!"

*

त्याच दिवशीचा दुसरा किस्सा. आमचे व्याही, तेजूच्या आईचे वडील, तात्या. इंदापूरला त्यांचं खताचं आणि ठिबकचं दुकान आहे. तेही बारामतीला आले होते. डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर एका खुर्चीत मी, दुसऱ्या खुर्चीत तात्या. दोघांच्या मनात एकच प्रश्न. तात्यांनी विचारला.

"मॅडम, हे कुणाच्या घरातनं आलं? आमच्यात तर कुणाला न्हाय."

"आमच्यातबी न्हाय," मी लगेच म्हणालो. "आमच्या सात पिढ्यात कुणाला खडा न्हाय."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन्ही घरांतून आलंय. आईकडून अर्धं, वडिलांकडून अर्धं. नुसतं अर्धं असेल तर बहुतेक कळतही नाही. दोन अर्धी एकत्र आली की आजार होतो."

मी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी माझ्याकडं. पोरांच्या लग्नापासून आम्ही दोघांनी एकमेकांकडं इतकं नीट कधी बघितलं नव्हतं.

शेवटी तात्यांनी घसा साफ केला. "मॅडम, त्यातलं मोठं अर्धं कुणाचं?"

*

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं: दिवसाला अडीच लिटर पाणी. लघवीचा आंबटपणा कमी करणारं औषध तीन वेळा. मीठ कमी. मटण बेतानं.

पाण्याचं खातं मी घेतलं. घरात दुसऱ्या कुणाला त्यातलं काय कळतं? मुलगा लोणी देवकरला कंपनीत, सकाळी मोटरसायकलवर जातो तो दिवेलागणीला येतो. मी वही आखली. तारीख, वेळ, भांडी. वर लिहिलं, 'आवर्तन पहिलं.' कालव्यावरची जुनी शिट्टी काढली.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला शिट्टी मारली. कालव्याचा नियम असा की दार उघडलं की पूर्ण क्षमतेनं सोडायचं. शेत भरलं की बंद. तसंच केलं. सात वाजेपर्यंत पाच भांडी पोटात गेली. सहावं हातात दिलं आणि पाची भांडी माझ्या धोतरावर आली!

सुरेखानं डॉक्टरबाईंना फोन लावला. फोनमधला आवाज अंगणात ऐकू येत होता. "आबांना फोन द्या! आबा, तो कालवा नाही, लेकरू आहे! असं एकदम भरायचं नाही, अपाय होईल. दिवसभर थोडं थोडं. तासाला एक भांडं. ठिबक लावा, ठिबक!"

आता हे मला लागलं. मी आयुष्यभर ठिबकला नावं ठेवली. रानाला सलाईन लावायचं ते कसलं पाणी? पण वहीत पान उलटलं आणि तासातासाचे रकाने पाडले. झोपताना एक. मध्यरात्री एकदा उठवून एक.

दुपारी तात्यांचा फोन आला. त्यांना लेकीनं आधीच सगळं सांगितलं होतं.

"आबासाहेब, आठ वर्स मागं लागलोय, ठिबक लावा, ठिबक लावा म्हणून. तवा शेताला लावलं न्हाय. आता नातीला लावलं व्हय! ते तरी आमच्या दुकानातनं न्यायचं!"

*

मग शाळा उघडली. पाणी जातं तसं बाहेरही येतं. तेजू तासाला हात वर करायची आणि मॅडम म्हणायच्या, "आत्ताच गेली होतीस ना? बस खाली."

पोरीनं यावर स्वतःचा उपाय काढला. शाळेत पाणी प्यायचंच बंद केलं. बाटली जशीच्या तशी घरी. मी वजनावरून ओळखली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "आबा, एकीला सोडलं की चाळीस उठतात. मी शिकवू कधी?"

मी डॉक्टरबाईंची चिठ्ठी दिली. म्हणालो, "हिला आडवायचं न्हाय. बाकीच्यांचं तुमी बघा."

मॅडम समजूतदार. त्यांनी वर्गाला सांगितलं की तेजूला जन्मभर जास्त पाणी प्यावं लागणार आहे, तर आपण सगळे मिळून पिऊ. दर तासाला घंटा झाली की सगळ्यांनी बाटली उघडायची. पोरांना तेवढंच पाहिजे! आठ दिवसांत चाळीस पोरं तासाला पाणी प्यायला लागली आणि तासाला चाळीस पोरं रांगेत उभी.

शाळेच्या मुतारीच्या दाराला कडी नव्हती. किती वर्षं नव्हती ते कुणालाच आठवत नव्हतं. दर ग्रामसभेत ठराव व्हायचा, टाळ्या व्हायच्या, कडी यायची नाही. आता एक पोरगं आत आणि एक पोरगं बाहेरून दार धरून उभं. म्हणजे एका वेळी दोघं वर्गाबाहेर. मुख्याध्यापकांनी हिशेब मांडला की दुसरीचा तास वीस मिनिटांचा उरलाय.

पंधरा दिवसांत कडी आली. नळ आला. मुतारीची आणखी एक खोली बांधून झाली!

सरपंच उद्घाटनाला आले आणि भाषणात म्हणाले, "हा आमच्या सततच्या पाठपुराव्याचा विजय हाय."

समोर बसलेली तेजू उठली आणि म्हणाली, "सर, मी जाऊ का?"

*

लघवी तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात. पट्टी बुडवायची, रंग बदलतो, तो डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. आकडा सातच्या वर पाहिजे, साडेसात झाला तर उत्तम. सहावर आला की खडा धरण्याची भीती. तीन वेळचं औषध त्यासाठीच.

हा आकडा मला नवा नव्हता. जमिनीचा सामू, म्हणजे आंबट-खारेपणाचा आकडा, आम्ही तसाच बघतो. आमच्या भागात पाणी जास्त देऊन रानं खारवटली, कुणाचं साडेआठ, कुणाचं नऊ. तात्यांना हे कळलं तर म्हणाले, "साडेसात? झकास जमीन! काय बी लावा, येतंय!"

पण रंग जुळवायचं काम माझ्याच्यानं होईना. डबीवर पाच रंग. मला तीन सारखेच दिसायचे. मी म्हणायचो हिरवा. मुलगा म्हणायचा हिरवाच. डॉक्टरबाई फोनवर विचारायच्या, "कुठला हिरवा?" आम्ही बापलेक एकमेकांकडं बघायचो. हिरव्यात कुठला असतो?

एकदा कारभारीण भाकरी थापता थापता उठली. पिठाच्या हातानं पट्टी उजेडात धरली. "काय डोळं हायत का बटणं? ह्यो पोपटी. कालचा पानाचा हिरवा व्हता. ह्यो खालचा मोरपंखी, आन् त्याच्या खालचा निळसर चिंतामणी." एवढं बोलून परत तव्याकडं गेली. शाळेचं तोंड न बघितलेली बाई!

तिथून लॅब तिच्याकडं गेली. रोज सकाळी बारामतीला फोन.

"बाई, आज मोरपंखी हाय."

"छान, मावशी! मोरपंखीच ठेवा. चिंतामणीवर नको जायला, तेही चांगलं नाही. दुसऱ्या जातीचे खडे होतात."

पुढच्या वेळी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंच्या हाताखालच्या डॉक्टरनं फाइल उघडली. तरुण माणूस, पुण्याहून नवा आलेला. दोन पानं वाचून तो घाबरा झाला.

"मॅडम, ही फाइल चुकून आली वाटतं. ही कुठल्यातरी साडीच्या दुकानाची आहे!"

*

मिठाचा किस्सा मी सांगत नव्हतो. पण तेजू सगळ्यांना सांगते, त्यापेक्षा मीच सांगतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की मीठ जास्त झालं की सिस्टिन जास्त बाहेर पडतं. मी घरात हुकूम काढला. ज्या घरात लेकराला मीठ नाही तिथं मोठ्यांनाही नाही. पापड बंद, लोणचं बंद. ठेचा बिनमिठाचा. तो खाल्ला तेव्हा मुलगा म्हणाला, "आबा, हे जेवण हाय का शिक्षा?" मी नुसतं बघितलं. त्यानं खाली मान घालून खाल्लं.

तीन आठवडे मी पाळलं. चौथ्या आठवड्यात आंब्याला शेवटच्या कैऱ्या उरलेल्या. गोठ्याच्या मागं गेलो. कमरेला कागदाची पुडी होती. कैरी फोडली, मीठ लावलं. पहिला घास तोंडात गेला आणि कानाशी शिट्टी वाजली!

माझीच शिट्टी. तेजू कडब्याच्या गंजीवर बसली होती.

कालव्यावर लोक चोरून पाइप टाकायचे. मी रांगत जाऊन पकडायचो आणि जागेवर पंचनामा लिहायचो. हे सगळं मी तिला कौतुकानं सांगितलं होतं. तिनं वही आणली. माझीच वही. आणि लिहिलं: 'आरोपी आबा. ठिकाण गोठ्यामागे. मुद्देमाल एक कैरी, एक पुडी. मिशीला मीठ सापडले. आरोपीला गुन्हा कबूल.'

खाली सही करायला लावली. मी केली. आयुष्यात खोटा पंचनामा केला नाही, खऱ्याला नाही म्हणणार नाही.

शिक्षा विचारली. ती म्हणाली, "दोन तांबे पाणी. पण ठिबकनं!"

*

आता शेवटचा. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातला.

दोन वर्षं सोनोग्राफी कोरी निघाली होती. त्या वेळी डाव्या बाजूला मोहरीएवढा दाणा दिसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन महिन्यांनी परत बघू. पाण्यात एक दिवस खंड नको. दाणा वाढला तर पुन्हा टेबल." (दाणा वाढला नाही. पण ते पुढचं.)

शाळेला सुट्टी लागली आणि सुरेखा तेजूला घेऊन आठ दिवस माहेरी इंदापूरला गेली. पट्ट्या, औषध, वही सगळं बरोबर दिलं. सुरेखा रोज सकाळी पट्टीचा फोटो पाठवायची. पहिला दिवस पानाचा हिरवा. दुसरा दिवस पोपटी. तिसऱ्या दिवशी कारभारणीनं मोबाइल डोळ्याजवळ नेला आणि खाली ठेवला.

"लिंबू," ती म्हणाली. म्हणजे आकडा सहावर.

सुरेखाला फोन केला. ती रडवेली. "आबा, दूध पिती, पर पाणीच पीत न्हाय. पाण्यात घातलेलं औषधबी सांडती. मारून बघितलं, लाडानं बघितलं. तोंड मिटून बसती. कारण सांगत न्हाय."

कारण मला कळलं. कारभारणीलाही कळलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी खुंटीवरची टोपी काढली.

आता कारण सांगतो. त्याच्या अकरा वर्षं आधी मुलाच्या लग्नात, मांडवात, मानाचा पहिला फेटा तात्यांनी माझ्याऐवजी स्वतःच्या मेव्हण्याला बांधला. मी उठलो. विहीणबाई तांब्या घेऊन पुढं आल्या होत्या, पाणी घ्या म्हणत होत्या. मी तांब्याला हात लावला नाही. चार लोकांत म्हणालो, "तुमच्या दारात पाणी पिणार न्हाय." तेव्हापासून पीत नव्हतो. जायचो, बसायचो, चहा घ्यायचो. चहा निव्वळ दुधाचा लागायचा. तात्या तेजूदेखत आत ओरडून सांगायचे, "व्याह्यांचा चहा टाका! थेंब पाणी पडलं तर शपथ मोडंल!"

सकाळच्या एसटीनं निघालो. बरोबर पाच लिटरचा कॅन घेतला, घरून भरून.

तेजू त्यांच्या ओसरीवर बसली होती. पुढं भांडं पालथं. ओठ सुकलेले.

"पाणी का पीत न्हाईस?"

"तुमी पिता का हितं?"

"माझं येगळं हाय."

"मीबी बावड्याचीच हाय."

मी कॅन उघडला. "हे बावड्याचं हाय. पी." तिनं भांडं सुलटं केलं. एक तिनं, एक मी. तासाला एक. तात्या दुकानातून जेवायला आले आणि दारातच थांबले. त्यांच्या ओसरीवर त्यांचा व्याही घरून आणलेलं पाणी पितोय!

"आबासाहेब, आमच्या नळाला काय पेव्हर ब्लॉक येत्यात व्हय?"

मी तेजूचं भांडं भरलं.

"न्हाय, तसं असंल तर उद्यापास्नं बावड्यावरनं टँकर लावतो. रोज दोन खेपा. वाटंत लग्नाचा मांडव आला तर थांबवायचा न्हाय!"

तेजू खिदळली. सुरेखा तोंडाला पदर लावून आत पळाली. मलाही मिशीत आवरेना. ऊन तापलं होतं. येणारे जाणारे पाव्हणे, तात्यांचा गडी, शेजारची दोन पोरं, सगळे गंमत बघायला ओसरीवर बसले. बावड्याचं पाणी कसं लागतं म्हणून प्रत्येकानं एक एक भांडं घेतलं. माझ्या हातून कुणी तहानलेलं परत गेलेलं नाही, मी नाही म्हणालो नाही.

चार वाजत आले तेव्हा कॅन उलटा केला. चार थेंब आले.

तेजूचं भांडं रिकामं. चारची बारी यायची होती, पाचची यायची होती, अख्खी रात्र यायची होती. आता एसटीनं जाऊन आणायचं म्हटलं तरी घरचं पाणी वेळेत येणार नव्हतं. तिनं भांडं परत पालथं घातलं आणि माझ्याकडं बघितलं. ओसरीवरचं हसणं थांबलं. 

आतून विहीणबाई आल्या. अकरा वर्षांत त्या माझ्याशी चार शब्दांच्या वर बोललेल्या नव्हत्या. हातात भरलेला तांब्या होता. उंबरा ओलांडून त्या माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"पाव्हणं, मांडवातलं एक तांब्या पाणी तुमच्याकडं राह्यलंय," त्या म्हणाल्या. "तेवढं फेडा."

घड्याळात चार वाजले.

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तळापर्यंत प्यालो. रिकामा तांब्या विहीणबाईंच्या हातात दिला.

तेजूनं भांडं सुलटं करून त्यांच्यापुढं धरलं.